फ्रीजमधला मुंगळा



‘किडा डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. गारठला की हलत नाही. मग निवांत फोटो काढा.’

हा सल्ला कुठल्या परक्या गटातून आलेला नाही. आपल्याच बायकांच्या एका मंडळाने पर्युषणानिमित्त ‘आपल्या घरातले सूक्ष्म जीव’ अशी छायाचित्र स्पर्धा ठेवली आहे. त्यासाठी जे मार्गदर्शन सगळ्यांना पाठवलं, त्यातला हा चौथा मुद्दा. खाली जोडलेल्या हातांची दोन चिन्हं आणि जीवदयेचा जयजयकार. पाठवणाऱ्या ताईंनी तो कुठल्या तरी फोटोग्राफीच्या क्लासमधून जसाच्या तसा उचलला असणार, वाचलाही नसेल. पण दीडशे बायकांपैकी एकीनेही ‘अहो, हे काय?’ असं विचारलं नाही, उलट अंगठे वर झाले, म्हणून हे लिहायला बसले.

आधी नावाबद्दल. ‘सूक्ष्म’ हा आपल्याकडे नेमका अर्थ असलेला शब्द आहे. सूक्ष्म आणि बादर हा भेद एकेंद्रिय जीवांत करतात. मुंगी, माशी, भुंगा हे त्रस, आणि त्रस जीव सगळे बादरच. भिंग लावून दिसणारा मुंगळा सूक्ष्म होत नाही. पाठशाळेतल्या मुलांना आपण हे शिकवतो आणि स्पर्धेच्या पाटीवर विसरतो. असो.

आता फ्रीज. लोक किडा फ्रीजमध्ये का ठेवतात हे समजून घेऊ, कारण त्यामागे दुष्टपणा नसतो, अडचण असते. इतक्या जवळून काढलेल्या फोटोला मॅक्रो म्हणतात. एक सेंटिमीटरचा मुंगळा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही एक सेंटिमीटरचाच उमटला तर ते एकास एक झालं. एवढ्या जवळ गेलं की स्वच्छ दिसणारा थर जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा उरतो. डोळा नीट आला तर मिशा धूसर, मिशा आल्या तर पोट धूसर. त्यावर उपाय म्हणून एकाच किड्याचे थोडं थोडं पुढे सरकत वीस-पन्नास, कधी शंभरावर फोटो काढतात आणि संगणकावर ते एकावर एक रचून एक करतात. किड्याच्या डोळ्यातला कण न् कण दाखवणारे जे फोटो बघून आपण ‘अगंबाई’ म्हणतो, ते बहुतेक असे रचलेले असतात. तेवढा वेळ किड्याने पाय हलवता कामा नये. जिवंत, सुटा किडा ते कशाला ऐकेल? मग कोणी मेलेला वापरतो, कोणी मारतो, कोणी गोंदाने पाय चिकटवतो, कोणी गारठवतो.

ही खोड जुनी आहे. १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक यांचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक निघालं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या पिसू, ऊ, माशीचा डोळा यांची थक्क करणारी चित्रं त्यात आहेत. मुंगीचं चित्र काढताना हूकसाहेब टेकीला आले. मेणात-गोंदात पाय रोवले तर ती अंग पिळवटत राही, मारली तर एवढीशी काया विसकटे. शेवटी त्यांनी ती ब्रँडीत बुडवली. तासाभराने शुद्धीवर आली आणि पळून गेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, काही न लपवता. तेव्हा गोंद, मरण आणि गुंगी या तिन्ही युक्त्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच वापरून झाल्या आहेत. आपल्या मार्गदर्शनातला फ्रीज ही त्याच ब्रँडीची घरगुती आवृत्ती. फरक एवढाच की हूक यांनी वर जीवदयेची पाटी लावली नव्हती.

गारठलेला किडा ‘शांत’ होतो, असं त्या संदेशात लिहिलंय. मला सगळ्यात जास्त खटकला तो हा शब्द. किड्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब धरून ठेवायची सोय नसते. बाहेर जेवढा गारवा तेवढा तो आतून थंड. थंड झाला की स्नायू चालत नाहीत, त्याला पळायचं असतं आणि पळता येत नाही. त्याला शांत म्हणायचं असेल तर दावणीला पाय बांधलेल्या जनावरालाही शांत म्हणा. फोटो झाल्यावर त्याला कुंडीत ‘सोडून देतात’ तेव्हाही तो उडू शकत नाही. तेवढ्यात मुंग्यांची रांग किंवा चिमणी आली की संपलं. आणि घाईत कोणी खालच्या कप्प्याऐवजी वरच्या बर्फाच्या कप्प्यात डबी ठेवली तर? तिथे उणे अठरा असतं.

‘मरत नाही ना, पाच मिनिटांत उठतो की!’ हे मला तीन जणींनी ऐकवलं. बायांनो, दशलक्षणाचे दहा दिवस आपण रोज एक याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय ऐकतो. पांढरी साडी नेसून, चटईवर बसून. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यात आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. जीव घेतला की मगच दोष लागतो असं त्यात कुठे आहे? कोंडणं हा दोष. खाणंपिणं तोडणं हा दोष. महाराज समजावताना गाय-बैलांचे दाखले देतात, म्हणून आपण समजतो की ही यादी गोठ्यापुरती आहे. डबीचं झाकण लावलं की बंध झाला. फोटोत आडवा येतो म्हणून पंख कापला की छेद. हे जगात सर्रास चालतं, आपल्याकडे अजून तरी नाही. त्याच अध्यायात हिंसेची व्याख्याही प्रमादापासून, बेफिकिरीपासून सुरू होते. दगावला नाही म्हणून सुटलात, असा हिशोब आपल्याकडे नाही. आणि तो नाही, याचाच आपल्याला अभिमान असतो.

सहावा अध्याय तर जणू या स्पर्धेसाठीच. तो धूपदशमीच्या सुमाराला येतो आणि त्या गडबडीत निम्म्या बायकांचं लक्ष नसतं. जपमाळेत १०८ मणी का, तर पाप १०८ वाटांनी आत येतं, असं आपल्याला लहानपणी सांगतात. तो गुणाकार इथलाच. संरंभ, समारंभ आणि आरंभ, म्हणजे मनात ठरवणं, सामान जमवणं, प्रत्यक्ष करणं. त्याला मन, वचन, काया या तिन्हींनी गुणा. मग कृत, कारित, अनुमोदना यांनी गुणा. मग क्रोध, मान, माया, लोभ या चारांनी. झाले १०८. आता मुंगळ्याकडे वळा. ‘याचा फोटो काढून बक्षीस मिळवीन’ हा संरंभ. डबी शोधली, हा समारंभ. फ्रीजचं दार लावलं, हा आरंभ. स्वतःला किडे धरायची किळस म्हणून मुलाला धरायला लावलं, ते कारित. आणि ‘वा, काय फोटो आहे!’ म्हणून न विचारता अंगठा दाखवला ती अनुमोदना. डबीला हातही न लावणाऱ्या दीडशे बायका त्या एका बोटाने भागीदार झाल्या. कषायांपैकी कुठला, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला तर मान आणि लोभ दोन्ही दिसतात.

एक प्रश्न मात्र सरळ उत्तर मागणारा आहे. एका वहिनींनी विचारला: ‘तुम्ही घरात झाडू मारता, गॅस पेटवता, गाडी चालवता. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावता. तिथे किती मरतात? मग एका मुंगळ्यासाठी एवढा आकांत?’ उत्तर शास्त्रात आहे. हिंसेचे चार प्रकार: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चूल, झाडू, जातं यांत होते ती आरंभी. गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही, म्हणून ती कमीत कमी करायची, जपून करायची. संकल्पी मात्र श्रावकाने पूर्ण सोडायची. फोटोवाचून कुणाची चूल अडत नाही. ठरवून, हौसेखातर, एका जीवाला त्रास द्यायचा, हे आरंभीच्या खात्यात कसं टाकणार? पेस्ट कंट्रोलचं म्हणाल तर तो फवारा पर्युषणाच्या आदल्या आठवड्यात घराघरांत मारला जातो हे मला माहीत आहे, आणि त्यावर मी स्वतंत्र लिहिणार आहे. पण एका खोलीत कचरा आहे म्हणून दुसऱ्या खोलीत आणखी टाका, असं कोणी म्हणत नाही.

आपण मध खात नाही. का? मधमाशीचं साठवलेलं हिसकावून आणतात, पोळ्यातले जीव मरतात, म्हणून. कितीही गोड, औषधी असला तरी नाही. अनेक जणी रेशीम नेसत नाहीत, कारण कोशासकट आतला जीव उकळतात. मग छळून मिळवलेला फोटो देखणा आहे म्हणून चालेल, हे कुठलं तर्कशास्त्र? उलट आपल्याकडे नमुना आहे तो पिंछीचा. मोराने आपणहून गाळलेली पिसं गोळा करून ती बांधतात, मोर धरून उपटत नाहीत. किड्याने जेवढं आपणहून दाखवलं तेवढं घ्यावं.

आता दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींकडे वळते, म्हणजे ज्यांना हा लेख वाचून ‘बरं झालं, बंदच करा ती स्पर्धा’ असं वाटतंय. एका काकूंनी तर म्हटलं की किड्यामुंग्यांकडे टक लावून बघणं हेच मुळी बायकांचं काम नव्हे. काकू, मग कुणाचं? आपल्या घरात धान्य कोण शोधतं? सूपभर तांदूळ घेऊन उजेडाला बसून टोके, अळ्या, जाळी कोण बघतं? पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हा मर्यादेचा हिशोब कुणाच्या डोक्यात असतो? पिढ्यान् पिढ्या जवळून बघण्याचंच काम करत आलेल्या बायकांना कोणी सांगतंय की भिंग तुमच्यासाठी नाही! माझं म्हणणं अगदी उलट आहे. आपल्याइतक्या तयार डोळ्यांच्या छायाचित्रकार दुसरीकडे मिळायच्या नाहीत. आणि आपल्याइतके तयार नियमही.

नियम म्हणजे बघा. पाणी गाळल्यावर गाळण्याच्या कापडावर जे जीव राहतात त्यांची जिवाणी आपण मोरीत ओतत नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हलकेच परत सोडायची. जिथला जीव तिथे. आपली आजी हे नळ येईपर्यंत करत होती. हाच नियम कॅमेऱ्याला लावा, फ्रीज आपोआप बाद होतो. किडा खिडकीत बसला असेल तर खिडकीत फोटो. फांदीवर असेल तर फांदीवर. ताटलीत, पांढऱ्या कागदावर, हातावर आणून बसवायचा नाही.

मग फोटो चांगला येतो का? येतो, पण वेळ द्यावा लागतो. मोबाईलला चिमट्यासारखं लावायचं छोटं भिंग बाजारात मिळतं, महागडा कॅमेरा नको. सकाळी सूर्य वर यायच्या आत बागेत जा. रात्रीच्या गारव्याने सगळेच किडे सुस्त असतात. चतुर काडीवर अंगभर दव घेऊन बसलेला असतो आणि उडण्याआधी पंख थरथरवून अंग तापवतो. जो गारठा तुम्ही फ्रीजमधून विकत आणत होता तो इथे फुकट आहे, आणि त्या जीवाच्या सवयीचा आहे. तेव्हाचं दवही खरं असतं. बाटलीतून ग्लिसरीनचं पाणी फवारून खोटं दव करू नका. किडा नाकाने श्वास घेत नाही, अंगाच्या कडेला बारीक छिद्रं असतात त्यांतून घेतो. त्यांवर चिकट थेंब बसला तर काय होईल ते तुम्हीच बघा. कोपर कुंडीवर टेका, हात हलत नाही. श्वास त्याच्या अंगावर सोडू नका, मुंगी लगेच बिथरते. प्रकाश कमी पडला तर विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. एकाच रचनेत सगळा किडा स्वच्छ यायलाच हवा, हा हट्ट सोडा. डोळा स्वच्छ आला की बाकीचं धूसर असलं तरी माणूस बघत राहतो.

आणि एकाच झाडाकडे रोज जा. जास्वंदीच्या कळीवर मावा पडलेला असतो, तिथे मुंग्या का घुटमळतात ते पाच मिनिटं बघा. मुंगी मिशीने माव्याला हळूच थोपटते आणि त्याच्याकडून येणारा गोड थेंब पिते. अगदी गाय दुहावी तसं. कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून आपण ती पान झटकताना फेकून देतो. कात टाकत टाकत शेवटी ती हिरवीगार होते. तिला भीती वाटली की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते, उग्र वास येतो. त्या शिंगाचे फोटो फार गाजतात. पण लक्षात घ्या, असा फोटो दिसला की बहुतेक वेळा कोणीतरी काडीने तिला टोचलेलं असतं. न घाबरलेल्या अळीचा पान कुरतडतानाचा फोटो मला त्याहून आवडतो. ती पान कडेकडेने, वरून खाली, इतकं नेटकं खाते की बघत राहावं.

रात्री पांढरा पडदा लावून दिव्यावर पतंग गोळा करायची पद्धतही त्या मार्गदर्शनात आहे, सातवा मुद्दा. दिव्यावर जीव येतात म्हणून आपण सूर्यास्ताआधी जेवून घेतो. यावर आणखी लिहायची गरज नाही.

खोटेपणाचंही एक आहेच. दहा धर्मांतला तिसरा आर्जव, म्हणजे सरळपणा. गारठवून ऐटीत उभा केलेला भुंगा ‘आमच्या बागेतली सकाळ’ म्हणून पाठवला तर ती सरळ माया आहे. मोठ्या स्पर्धांतही हे घडलं आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलमधल्या एका फोटोला बक्षीस मिळालं: रात्र, वाळवीचं वारूळ, त्यावर चमकणाऱ्या अळ्यांचे ठिपके आणि वारुळाशी आलेला मुंगीखाऊ. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी मत दिलं की तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला आहे. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण बक्षीस काढून घेतलं गेलं. त्यांच्याकडे निदान तपासायची पद्धत होती. आपल्या स्पर्धेत परीक्षक कोण काय विचारणार आहेत?

जवळून बघायला लागलं की अडचणीचे प्रश्नही येतात, तेही सांगते. पाठशाळेत एका मुलीने मोबाईलवर मुंगळ्याचा मोठा केलेला फोटो दाखवला आणि विचारलं, ‘मुंगी तीन इंद्रियांची, तिला डोळे नाहीत असं आपण म्हणतो. मग हे काय?’ डोक्याच्या दोन्ही बाजूंना जाळीदार, काळे डोळे स्पष्ट दिसत होते. वर्गातल्या एक बाई म्हणाल्या, फोन आत ठेव. मला ते पटलं नाही. फोटो खरा होता. शास्त्रातल्या वर्गवारीचा आणि या डोळ्यांचा मेळ कसा घालायचा, ते माताजींना विचारू, विद्वानांना विचारू, मुलीलाच विचारायला पाठवू. पण घरापुरतं मला एवढं कळतं: आपण समजत होतो त्याहून त्या जीवाला जास्त कळतं, असं निघालं, तर आपली जबाबदारी एका इंद्रियाने वाढली. त्या मुलीचा फोटो आमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यासारख्याच एका उंबऱ्यावर, चालत्या मुंगळ्याचा होता. पाय थोडे हललेले. डबी नाही, फ्रीज नाही.

म्हणून स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. संयोजिकांना मी तीन गोष्टी लिहून कळवल्या आहेत. चौथा आणि सातवा मुद्दा मागे घ्यावा, आणि मागे घेतल्याचं त्याच गटावर, त्याच ठळक अक्षरांत सांगावं. प्रत्येक फोटोसोबत चार ओळी मागाव्यात: कुठे दिसला, किती वाजता, त्याला हात किंवा काडी लावली का, आणि फोटोनंतर तो कुठे गेला. आणि धूसर आलेल्या फोटोचे गुण कापू नयेत. मला परीक्षक म्हणून बोलावलं आहे. हे तिन्ही मान्य झाल्याचा निरोप आला तर मी येईन, नाहीतर माझी खुर्ची दुसऱ्या कोणाला द्यावी.